एका युनिटची उष्णता



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी उष्मागतिकी शिकवण्यात आयुष्य घालवलं. म्हणून आजचा विषय त्यांच्याच शाखेतला घेतला आहे, आणि मुद्दाम लहान घेतला आहे: विजेची शक्ती उष्णतेच्या मापात कशी मांडायची. पाठ्यपुस्तकात याला अर्धं पान मिळतं. एक किलोवॉट म्हणजे तासाला ८६० किलोकॅलरी, किंवा तासाला ३४१२ बीटीयू. आकडा पाठ झाला की विषय संपला असं विद्यार्थी समजतात. माझं म्हणणं असं की हा आकडा पूर्ण खरा आहे, पण एकाच दिशेने खरा आहे. ती दिशा विसरल्यामुळे आपल्या घरांत, कारखान्यांत आणि सरकारी हिशेबांत विजेची खरी किंमत लपून राहते.

सुरुवात मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डपासून करू. जेम्स प्रेस्कॉट जूल १८१८ साली तिथे जन्मला. घरची बिअरची भट्टी होती, आणि अणुसिद्धान्तासाठी प्रसिद्ध असलेल्या जॉन डाल्टनकडे त्याचं काही शिक्षण झालं. विद्यापीठात नोकरी त्याने कधी केली नाही. तारेतून वीज वाहिली की तार तापते, हे सगळ्यांना दिसत होतं. किती तापते, हे जूलने मोजलं आणि १८४१ मध्ये प्रसिद्ध केलं: विजेचा प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट होते, आणि तारेचा रोध वाढवला तर त्याच प्रमाणात वाढते. आपल्या घरातली इस्त्री, गिझर, वॉटर हीटर आजही याच नियमाने चालतात.

त्याचा पुढचा प्रयोग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पाण्यात फिरणाऱ्या पात्यांचा प्रयोग शाळेत सगळे शिकतात: वजन खाली उतरतं, पाती फिरतात, पाणी किंचित तापतं. पण त्याआधी, १८४३ मध्ये, जूलने पाण्याने भरलेल्या नळीत तारेचं वेटोळं ठेवून ते चुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरवलं होतं. फिरवण्यासाठी श्रम लागले, वेटोळ्यात वीज निर्माण झाली, आणि त्या विजेने नळीतलं पाणी तापलं. श्रम, वीज आणि उष्णता ही तिन्ही एकाच उपकरणात एकमेकांशेजारी मोजली गेली. म्हणजे कामाचं आणि उष्णतेचं नातं त्याने प्रथम विजेच्या वाटेने जोडलं. त्या वर्षी आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत त्याने निष्कर्ष सांगितला: एक पाउंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला लागणारी उष्णता आणि ८३८ पाउंड वजन एक फूट उचलायचे श्रम सारखे आहेत. सभेने फारसं लक्ष दिलं नाही.

पुढे अनेक वर्षं तो हाच आकडा घासूनपुसून नेमका करत राहिला. पाण्यातल्या पात्यांच्या प्रयोगांतून तो ७७२ च्या जवळ आला. १८८९ मध्ये जूल वारला, आणि त्याच्या थडग्याच्या दगडावर ७७२.५५ हा आकडा कोरलेला आहे. आजचा स्वीकृत आकडा ७७८ आहे. पारा चढायचा तो अंशाच्या बारीक वाट्यांनी, आणि अशा मोजणीत त्या माणसाची चूक एक टक्क्याहून कमी राहिली. प्रयोगशास्त्रात मला याहून मोठा धडा माहीत नाही.

आता आपला आकडा. वॉट आणि जूल ही एककं असावीत असं विल्यम सीमेन्सने १८८२ मध्ये सुचवलं. एक वॉट म्हणजे सेकंदाला एक जूल. तेव्हा एक किलोवॉट तासभर चालला तर ३६०० किलोजूल, आणि विजेच्या बिलात आपण ज्याला युनिट म्हणतो ते हेच. किलोकॅलरी म्हणजे एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला लागणारी उष्णता, जवळपास ४.१८ किलोजूल. भागाकार केला की ८६० येतात. बारकाईने पाहिलं तर कॅलरीच्या व्याख्याही एकाहून अधिक आहेत. एकीने ८५९.८ येतात, दुसरीने ८६०.४. व्यवहारात दोन्ही ८६० वर येऊन थांबतात. १९४८ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने उष्णतेचं एकक जूलच राहील असं ठरवलं, आणि सगळं जग ते पाळतं तर हे व्याख्यान द्यावं लागलं नसतं. पण वीज केंद्रातला अभियंता आजही किलोकॅलरीत बोलतो, एसी विकणारा बीटीयूत आणि टनात, बिल येतं युनिटमध्ये, सिलिंडर किलोत.

यात पहिला गोंधळ होतो तो ‘तासाला’ हा शब्द गाळल्यामुळे. किलोवॉट हा दर आहे, युनिट हे परिमाण आहे. नळाची धार आणि भरलेली बादली यांत जेवढा फरक, तेवढाच या दोहोंत. एसीच्या माहितीपत्रकात ‘१८००० बीटीयू’ असं छापलेलं असतं, ते ‘तासाला १८००० बीटीयू’ असायला हवं. दीड टनाच्या एसीचा हा आकडा. टन म्हणजे तासाला १२००० बीटीयू. त्याचा उगम बर्फात आहे. दोन हजार पाउंडांचा, म्हणजे अमेरिकी मापाने एक टन, बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल तेवढ्या वेगाने उष्णता काढणारं यंत्र ते एक टनाचं. एक पाउंड बर्फ वितळायला १४४ बीटीयू लागतात. दोन हजारांनी गुणा, चोवीसने भागा, बरोबर १२००० येतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या तळ्यांवरचा बर्फ जहाजाने मुंबईला येत असे आणि श्रीमंतांच्या मेजवान्यांत वापरला जात असे. बर्फाची यंत्रं आली तेव्हा त्यांचं काम बर्फाच्या टनातच मोजलं गेलं, आणि ते माप आजच्या एसीलाही चिकटून राहिलं.

दीड टनाच्या एसीचे १८००० बीटीयू किलोवॉटमध्ये काढले तर सव्वापाचच्या थोडे वर येतात. हाच एसी मीटरवरून मात्र दीड किलोवॉटच्या आसपास वीज घेतो. पुष्कळ जण इथे अडखळतात: दीड किलोवॉट घेऊन सव्वापाच किलोवॉटचं काम कसं होतं? एसी विजेची थंडी बनवत नाही. खोलीतली उष्णता उचलून तो बाहेर टाकतो, आणि वीज लागते ती या हमालीसाठी. बाहेरच्या पेटीतून मग खोलीतली सव्वापाच आणि विजेची दीड, अशी पावणेसात किलोवॉट उष्णता रस्त्यावर पडते, म्हणजे तासाला ५८०० किलोकॅलरींच्या आसपास. मुंबईच्या एखाद्या अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर अशा पेट्या रांगेने लावलेल्या असतात. एप्रिल-मेमध्ये तिथून चालणाऱ्याला आणि तिथेच दुकान मांडून बसलेल्याला हा हिशेब आकड्यांविना कळतो.

परदेशी राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी एक सूचना. अमेरिकेत एसीची कार्यक्षमता एका वॉट-तास विजेत किती बीटीयू हलवले यावर छापतात, भारतात वॉटला वॉट अशी. म्हणून तिकडच्या खोक्यावर १६ आणि इथल्यावर ५ दिसला तर तिकडचा एसी तिपटीने चांगला असं समजू नका. १६ ला ३.४१२ ने भागलं की ४.७ उरतात. चाचणीच्या पद्धती वेगळ्या असल्याने ही तुलना काटेकोर नाही, पण घोटाळ्याचा मोठा भाग या एका भागाकाराने निघून जातो.

नवी मुंबईत सध्या डेटा सेंटरं उभी राहत आहेत, आणि विजेचं रूपांतर उष्णतेत शिकायला याहून चांगली जागा नाही. संगणकाला दिलेली वीज माहितीत ‘खर्च’ होते अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात जवळजवळ सगळी वीज उष्णता होते. दहा किलोवॉटचं कपाट तासाला ३४१२० बीटीयू सोडतं, त्याला सतत पावणेतीन टनांहून जास्त शीतकरण लागतं. तिथे ८६० आणि ३४१२ हे आकडे जसेच्या तसे लागू पडतात, एक कणही इकडेतिकडे न होता. इथपर्यंत आपण जूलच्या दिशेने आलो: वीज आत, उष्णता बाहेर.

आता उलट दिशेने जाऊ. इथे मला फ्रान्समधल्या सादी कार्नोचं नाव घ्यावं लागतं. १८२४ मध्ये त्याने दाखवलं की उष्णतेवर चालणारं यंत्र मिळालेल्या उष्णतेतून किती काम काढू शकेल याला एक वरची मर्यादा असते, आणि ती फक्त गरम आणि थंड टोकाच्या तापमानांवर ठरते. १८४७ मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत जूल बोलला तेव्हा समोर तरुण विल्यम थॉमसन बसला होता, पुढचा लॉर्ड केल्विन. कार्नोचा सिद्धान्त त्याला माहीत होता आणि त्यामुळे जूलचं म्हणणं त्याला पेचात टाकत होतं. श्रम आणि उष्णता खरंच सारख्या किमतीच्या असतील, तर उष्णतेतून परत सगळे श्रम का मिळू नयेत? जर्मनीतला रुडॉल्फ क्लॉशियस १८५० मध्ये आणि स्वतः थॉमसन १८५१ मध्ये या पेचातून बाहेर पडले. जूल आणि कार्नो, दोघंही बरोबर होते. ऊर्जेचं एकूण परिमाण जूलने सांगितल्याप्रमाणे कायम राहतं, आणि तिचा किती भाग कामाला येईल हे कार्नोने सांगितल्याप्रमाणे मर्यादित राहतं. माझ्या मते उष्मागतिकीचं सगळं शास्त्र या समेटातून निघालं. ८६० हा आकडा त्याच्या पहिल्या अर्ध्या भागातला आहे.

दुसरा अर्धा भाग पाहायला चंद्रपूरला जायला हवं. तिथल्या महाऔष्णिक वीज केंद्रात आज २९२० मेगावॉट क्षमतेचे संच आहेत, त्यांतले पाच प्रत्येकी ५०० मेगावॉटचे. औष्णिक केंद्रात एक आकडा सर्वांच्या तोंडी असतो तो हीट रेट, म्हणजे एक युनिट वीज तयार करायला कोळशातली किती किलोकॅलरी उष्णता जाळावी लागली. या आकाराच्या संचासाठी तो २४०० च्या आसपास धरायला हरकत नाही. म्हणजे २४०० किलोकॅलरी आत, आणि बाहेर पडणाऱ्या युनिटमध्ये ८६०. भागाकार करा: सुमारे ३६ टक्के. उरलेल्या १५४० किलोकॅलरींपैकी मोठा वाटा कंडेन्सरमधून कूलिंग टॉवरकडे जातो, काही धुराड्यातून.

हे ५०० मेगावॉटच्या पूर्ण भारावर मांडू. तासाला पाच लाख युनिट, गुणिले २४००, म्हणजे तासाला १२० कोटी किलोकॅलरी. कोळशाचा उष्मांक किलोला ४००० किलोकॅलरी धरला तर तासाला ३०० टन कोळसा. त्यातले ४३ कोटी किलोकॅलरी तारांतून वीज म्हणून निघतात, ७७ कोटी पाण्यात आणि हवेत जातात.

याला केंद्रातल्या लोकांचा ढिलेपणा समजणं अन्याय होईल. टर्बाइनच्या तोंडाशी वाफ ५४० अंश सेल्सिअसच्या घरात असते आणि थंड टोक ४० अंशांच्या आसपास. कार्नोच्या हिशेबाने आदर्श यंत्रालासुद्धा यातून ६१-६२ टक्क्यांच्या वर जाता येणार नाही. खऱ्या यंत्रात घर्षण, गळती, बॉयलरमधली आणि धुराड्यातली हानी जमा होते. शिवाय विदर्भाचा उन्हाळा आहेच. चंद्रपुरात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा थंड करणारं पाणीही गरम असतं, कंडेन्सरमधली निर्वात अवस्था बिघडते आणि तेवढ्याच युनिटला जास्त कोळसा लागतो. विजेची मागणी सर्वांत जास्त असते त्याच महिन्यांत हे घडतं. कोराडीच्या ६६० मेगावॉटच्या सुपरक्रिटिकल संचांत वाफेचा दाब आणि तापमान वाढवून हीट रेट खाली आणला जातो. मर्यादा मोडलेली नसते, फक्त गरम टोक वर सरकवलेलं असतं.

हीट रेटमधल्या दहा किलोकॅलरी बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटतील. एक ५०० मेगावॉटचा संच वर्षभर सरासरी ७० टक्के भाराने चालला तर सुमारे ३०६ कोटी युनिट होतात. प्रत्येकी दहा किलोकॅलरी वाचल्या तर त्याच ४००० उष्मांकाच्या कोळशाचे साडेसात हजार टनांहून अधिक वाचतात. म्हणून कंडेन्सरच्या नळ्या साफ ठेवणाऱ्या कामगाराचं काम कोणत्याही ऊर्जाबचतीच्या जाहिरातीपेक्षा मोठं आहे. आणि म्हणूनच कोळशाचा उष्मांक कुठे मोजला, खाणीवर की केंद्रात पोहोचल्यावर, यावर एवढे वाद होतात. १ जानेवारी २०१२ पासून आपल्याकडे कोळशाची प्रतवारी एकूण उष्मांकावर, जी-१ ते जी-१७ अशी होते, आणि दोन प्रतींमध्ये साधारण ३०० किलोकॅलरींचा टप्पा आहे. एक प्रत घसरली की केंद्राचा सारा हिशेब हलतो.

तेव्हा विजेच्या एका युनिटला दोन आकडे चिकटलेले आहेत. मीटरपाशी ते ८६० किलोकॅलरींचं आहे, खाणीपाशी २४०० किंवा त्याहून अधिक किलोकॅलरींचं. गहू दळला की पीठ होतं, पिठाचा गहू होत नाही. विजेचं आणि उष्णतेचं नातं याच जातीचं आहे. विजेची उष्णता करताना ८६० मधली एकही किलोकॅलरी वाया जात नाही, पण ती वीज आधीच दीडपटीहून जास्त उष्णता सोडून देऊन आलेली असते.

आंघोळीच्या पाण्यावर हे पाहा. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला १५ गुणिले ३५, म्हणजे ५२५ किलोकॅलरी लागतात. किलोकॅलरीची सोय इथे दिसते, कागदही लागत नाही. ८६० ने भागलं की ०.६१ युनिट. दोन किलोवॉटचा गिझर हे अठरा-एकोणीस मिनिटांत करतो, आणि टाकीतून निसटणारी थोडी उष्णता सोडली तर त्याची कार्यक्षमता शंभर टक्के आहे असं विक्रेता सांगतो ते खोटं नाही. पण वीज औष्णिक केंद्रातली असेल तर केंद्राचा स्वतःचा वापर आणि तारांतली हानी धरून त्या आंघोळीमागे अर्धा किलोच्या आसपास कोळसा जळलेला असतो. तेच पाणी गॅस गिझरवर तापवलं तर ६० ग्रॅमच्या आसपास एलपीजी पुरतो, कारण त्याचा उष्मांक किलोला ११ हजार किलोकॅलरींच्या घरात आहे. हीट पंप वापरला तर एसीसारखी हमाली करून तो ते पाणी युनिटच्या पाचव्या भागात तापवतो. आणि गच्चीवर सौर बंब असेल तर या सगळ्या आकड्यांची गरजच पडत नाही. पुण्यात तो इमारतींवर दिसतो, खेड्यांत त्याहून जास्त दिसायला हवा. पाणी ६० अंशांवर न्यायला ५४० अंशांची वाफ बनवून, तिची वीज करून, ती शेकडो किलोमीटर वाहून आणणं ही मला उधळपट्टी वाटते.

हाच प्रश्न सरकारी हिशेबात कसा येतो ते पाहू. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली जास्त ऊर्जा वापरणाऱ्या कारखान्यांचा वापर टन तेल समतुल्यात मोजतात. एक टन तेल समतुल्य म्हणजे एक कोटी किलोकॅलरी. २००७ च्या अधिसूचनेत यासाठी एक युनिट बरोबर ८६० किलोकॅलरी असं धरलं आहे. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ते निर्दोष आहे. पण दोन शेजारी कारखाने कल्पा. एक स्वतःच्या बॉयलर-टर्बाइनवर वीज करतो, त्याच्या खात्यावर युनिटमागे जाळलेल्या कोळशाच्या अडीच-तीन हजार किलोकॅलरी चढतात. दुसरा तीच वीज ग्रिडमधून घेतो, त्याच्या खात्यावर ८६० चढतात, बाकीच्या चंद्रपूरच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या. कागदावर दुसरा कारखाना गुणी ठरतो, देशाचा कोळसा मात्र तेवढाच जळतो. विजेच्या स्रोतांचं मिश्रण बदललं तर दुरुस्ती करायची सूत्रं या सरकारी हिशेबाच्या नियमांत आहेत, आणि ती विचारपूर्वक केलेली आहेत. पण कारखान्याच्या वार्षिक अहवालात आणि वर्तमानपत्राच्या बातमीत ती सूत्रं पोचत नाहीत, नुसता आकडा पोचतो.

याच्या उलट टोकाला आपले साखर कारखाने आहेत, आणि महाराष्ट्राने याचा अभिमान बाळगावा. सहवीजनिर्मितीत बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, जाळून वाफ केली जाते, टर्बाइन फिरवून वीज काढली जाते, आणि टर्बाइनमधून बाहेर पडणारी वाफ रस आटवायला वापरली जाते. चंद्रपूरला कूलिंग टॉवरमधून जी उष्णता सोडून द्यावी लागते, तशीच उष्णता इथे उसाच्या रसात जाते. टर्बाइन बऱ्याच दाबाची वाफ बाहेर सोडतं, त्यामुळे त्यातून निघणारी वीज थोडी कमी, पण बगॅसच्या उष्मांकाचा उपयोगी पडलेला वाटा कितीतरी मोठा. गाळप हंगामातल्या अशा संचाचा हीट रेट औष्णिक केंद्राच्या हीट रेटशेजारी ठेवून तुलना करणं चूक आहे, कारण इथे उष्णता स्वतःच माल आहे.

मग कोयनेच्या जलविद्युत केंद्राच्या १९६० मेगावॉटचं काय? तिथे कोळसा नाही, वाफ नाही, हीट रेट नाही. कोयनेचं एक युनिट ऊर्जेच्या तक्त्यात ८६० किलोकॅलरी लिहायचं की त्याने वाचवलेल्या कोळशाचे २४००? दोन्ही पद्धती जगात चालतात, आणि निवड बदलली की त्याच राज्याच्या ऊर्जेत जलविद्युत आणि सौरऊर्जेचा वाटा जवळजवळ तिप्पट किंवा एक तृतीयांश दिसतो. मी वाचवलेल्या कोळशाच्या बाजूचा आहे, जोवर आपली बहुतांश वीज कोळशावर होते तोवर तरी. दुसरी पद्धत धरणाऱ्यांशी माझं भांडण नाही. कोणती धरली हे न लिहिणाऱ्यांशी आहे.

या सभेत ऊर्जा लेखापरीक्षण करणारे अभियंते आहेत, तंत्रनिकेतनात शिकवणारे आहेत, आणि या वर्षी प्रकल्प अहवाल लिहिणारे विद्यार्थी आहेत. त्यांना माझी एक विनंती आहे. युनिटचं किलोकॅलरीत रूपांतर कराल तिथे दोन रकाने आखा. पहिल्यात मीटरपाशीचे ८६० लिहा. दुसऱ्यात ज्या केंद्रातून वीज येते त्याचा त्या वर्षीचा हीट रेट लिहा, तो न मिळाल्यास कोणता धरला ते लिहा, आणि दोन्ही रकान्यांखाली बेरीज वेगवेगळी करा.